मान वळवायची नाही

माझा धाकटा भाऊ चेलो वाजवतो. म्हणजे दोन गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं ते कपाटाएवढं वाद्य. शाळेत असताना तो ते पाठीवर घेऊन जिना उतरू लागला की शेजारचे विचारायचे, "काय रे, घर बदलताय?" हे ओझं त्याच्या पाठीवर चढवलं ते वरच्या मजल्यावरच्या सरांनी. ते वाद्यवृंदात चेलोच वाजवायचे. पुढे तिथल्या निवडीला हा कितीदा तरी नापास झाला. पडद्याआड वाजवायचं, तेही नुसत्या मोज्यांवर जाऊन, बुटांच्या आवाजानेही माणूस ओळखू येऊ नये म्हणून. दर वेळी तोंड पाडून आला की सर म्हणायचे, "चल, काढ वाद्य." शेवटी एकदाचा लागला, आणि जागा मिळाली ती शेवटच्या रांगेत, सरांच्याच शेजारी.

पहिल्याच दिवशी सरांनी बजावलं, "कोणाचं काहीही चुको, मान वळवायची नाही. चुकलं एवढंच लोकांना कळतं. कोणाचं, ते आपल्या मानेमुळे कळतं."

वर्षं गेली. हा पुढे पुढे सरकत चेलोवाल्यांचा प्रमुख झाला, अगदी पहिल्या खुर्चीवर. सर मागेच राहिले, पण त्यांना याचा कोण अभिमान! मीही मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू?

मग तो कार्यक्रम. मी आईला घेऊन सज्जात बसले होते. सगळी वाद्यं एकदम थांबतात आणि सभागृह चिडीचूप होतं, अशी एक जागा आली. त्या शांततेत मागून एकट्या चेलोचा सूर निघाला, चांगला भरदार. आणि आमचे प्रमुख साहेब गर्रकन मागे वळले! त्यांच्यामागोमाग सगळ्या सभागृहाने तिकडे पाहिलं. सरांचा गज अजून तारेवरच होता. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

"गाढवा, वळलास कशाला?" घरी आल्याआल्या मी तोंड सोडलं.

"कळलंच नाही गं ताई. वळली मान."

"मग जा आणि माफी माग. एक मजला तर चढायचाय!"

तो चढायचा. दारापर्यंत जायचा आणि बेल न वाजवताच परत यायचा. आत सरांचा सराव चाललेला असायचा, तीच जागा पुन्हा पुन्हा. वाजवायचे, थांबायचे, परत वाजवायचे. ते ऐकून ह्याला घास गिळवेना. तालमीनंतर सर बाहेर पडेपर्यंत हा आत कुठेतरी लपून राहायचा. एवढा बाप्या झाला, पण लाजेने पार मेला होता.

कार्यक्रमांचा हंगाम संपला आणि सर निवृत्त झाले. शेवटच्या कार्यक्रमानंतर प्रमुखाने मागे वळून निवृत्त होणाऱ्याला उभं करायचं, मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, अशी तिथली रीत. वाद्यवृंदाच्या संचालकांनी खूण केली. हा ढिम्म! चेलोला दोन्ही हात घट्ट, मान खाली, कान लालबुंद. लोकांत कुजबुज सुरू झाली. मी सज्जातून ओरडायचंच काय ते बाकी होतं.

तेवढ्यात मागून सरांचाच आवाज आला, थेट सज्जापर्यंत. "अरे, वळ की आता. आज चालतं."

तो वळला. सर आपले आपणच उभे राहिले होते आणि हसत होते. सगळं सभागृह त्यांच्याकडे बघून टाळ्या वाजवत होतं. आमचा मात्र सरांच्या बुटांकडे बघत होता. नजर काही वर जाईना.