पुलाखालची नाणी

या जगात मोजता न येणारंही काही असतं, हे अजिबात मान्य नसलेला एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझा साडू आहे. माझी बायको नलू आणि त्यांची बायको, जिला मी ताई म्हणतो, या सख्ख्या बहिणी. आमच्या ओळखीला याहून वेगळं कारण नाही, आणि आम्ही दोघांनीही ते कधी शोधलं नाही. मला पुस्तकं आवडतात. त्यांनाही आवडतात, पण ती हातावर तोलून किती ग्रॅमची आहेत हे सांगण्यापुरतीच. आमचे साडू छत्तीस वर्षं नापतौल खात्यात निरीक्षक होते. नापतौल म्हणजे वजनमापं. बुऱ्हाणपुरात सरकार हिंदीत बोलतं आणि आम्ही घरात त्याचे शब्द मराठी करून वापरतो. राजपुऱ्यापासून इच्छापूरपर्यंत असा किराणावाला नसेल, ज्याच्या तराजूची पारडी त्यांनी एकदा तरी उलटी करून पाहिली नाहीत. कमी वजन देणं, म्हणजे काटा मारणं, हे त्यांच्या मते जगातलं एकमेव पाप. बाकीच्या पापांकडे ते समजुतीने पाहतात, कारण त्यांचं प्रमाण ठरवता येत नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी शाल घालून हातात नारळ दिला, तेव्हा यांनी तो कानाशी हलवला आणि माइकसमोरच म्हणाले, "पाणी कमी आहे."

निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला लागतात. हे यंत्रांना लागले. पाण्याची शुद्धता दाखवणारी एक पेनाएवढी कांडी त्यांनी घेतली आणि नात्यातल्या एका लग्नात ती थेट मठ्ठ्याच्या पिंपात बुडवली. आकडा एवढा मोठा आला, की त्यांनी शेजारच्या पंगतीलाही तो वाचून दाखवला. मुलीचे वडील आजही आमच्याशी जपून बोलतात. मग लाल ठिपका पाडून अंतर सांगणारं यंत्र आलं. ते घेऊन ते इच्छापूरला देवीच्या दर्शनाला गेले आणि खाली येऊन म्हणाले, की वरच्या बाजूच्या दोन पायऱ्या बाकीच्यांच्या मापाच्या नाहीत. ताईने विचारलं, "अहो, पण देवीला हात जोडले का?" तर म्हणाले, "पायऱ्या मोजता मोजता राहून गेलं." दिवाळीला नलूने त्यांना दराब्याचा, म्हणजे आमच्याकडच्या रव्याच्या मिठाईचा, डबा पाठवला, तेव्हा खिशातल्या आकड्याच्या काट्याला तो लटकवून त्यांनी आधी डब्यासकट वजन घेतलं, मग नुसत्या डब्याचं, आणि फरक फोनवर कळवला. नलू म्हणाली, "दाजी, गोडी मोजायचं काही निघालं की सांगा, तोवर खाऊन बघा." ते गंभीरपणे म्हणाले, "निघालंय. मागवतो."

या क्रमात मेटल डिटेक्टर यायचा होताच. गेल्या थंडीच्या शेवटी तो खोक्यातून आला: एक लांब दांडी, खाली ताटाएवढी चकती, वर छोटा पडदा आणि कानाला लावायचे फोन. ताई म्हणाली, "हे काय उठवून आणलं आता? झाडू आहे का?" तिला उत्तर न देता त्यांनी मला कारण सांगितलं. बुऱ्हाणपुरात एके काळी बादशाही टांकसाळ होती. म्हणजे जमिनीत नाणी असणार. दुसऱ्या कोणी हे ऐकून श्रीमंत व्हायची स्वप्नं पाहिली असती. आमच्या साडूंचा हेतू निराळा होता. "साडूभाऊ, त्या नाण्यांचं वजन ठरलेलं होतं. मला एक मिळालं पाहिजे, स्वतः काढलेलं. दुकानातलं नको, ते घासलेलं असतं. मला फक्त बघायचंय, की बादशहाने काटा मारला होता का." शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या दुकानावर धाड घालायला निघालेला हा निरीक्षक सापडलेलं सगळं सरकारजमा करणार होता. कलेक्टरसाहेबांच्या नावाचा अर्ज त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. त्यात नाण्यांच्या संख्येची जागा तेवढी मोकळी होती.

पहिली चाचणी घरात झाली. यंत्र गाद्यांवरून फिरताना ताईच्या गादीवर जोरात ओरडलं, आणि खालून मिसरीची डबी निघाली. तंबाखूची ती मिसरी ताईने चार वर्षांपूर्वी सगळ्या नातेवाइकांसमोर शपथ घेऊन सोडली होती. त्या दिवशी साडूंना जेवायला आमच्याकडे यावं लागलं. दुसरी चाचणी एका जुन्या इमारतीच्या कुंपणाबाहेर. खणायला बंदी आहे हे त्यांना ठाऊक होतं. ते म्हणे नुसतं ऐकणार होते. तिथला चौकीदार थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बाबूजी, झाड़ू लगानी है तो अंदर आ जाओ, बाहर के लिए तो आदमी है अपने पास." तिसरी चाचणी दापोऱ्याला, एका नातेवाइकाच्या केळी काढून झालेल्या शेतात. मालक बांधावर बसून म्हणाला, "भाऊ, सोनं निघालं तर अर्धं आपलं. लोखंड निघालं तर पुरं तुमचं." मालकाची वाटणी चोख निघाली. ठिबकच्या तारा, नटबोल्ट, अर्धा विळा, आणि हातहातभर खणून काढलेल्या गुटख्याच्या पुड्या. त्या पुडीतली चंदेरी झिलई आणि सोनं यांना ते यंत्र एकच सूर लावतं. आमच्या भागाच्या इतिहासाबद्दल मी बरंच वाचलं आहे; त्यावर गुटख्याचा एवढा जाड थर बसला आहे हे मात्र मला साडूंमुळे कळलं.

मार्च उजाडता उजाडता ते तापीवर गेले. उन्हाळ्यात पात्र आक्रसतं आणि इच्छापूरच्या रस्त्यावरच्या पुलाखाली खडी उघडी पडते. तिथे त्यांचं यंत्र जे गायला लागलं ते थांबेना. बादशहा नव्हता, पण पुलावरून जाणारी माणसं तापीला हात जोडून जी नाणी टाकतात ती सगळी तिथे होती. रुपया, दोन, पाच, दहा, मधूनच एखादी जुनी चवली. साडू रोज सकाळी जायचे, सापडलेलं प्रत्येक नाणं कागदाच्या पुडीत बांधायचे आणि जागा वहीत टिपायचे.

त्याच दिवसांत आमचा दर मंगळवार जळगावच्या दवाखान्यात जात होता. नलूचं दुखणं साधं नाही हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. भाड्याची गाडी ठरलेली होती. साडूंना आम्ही कधी सोबत घेतलं नाही, कारण ते ड्रायव्हरशेजारी बसून किलोमीटरचे दगड आणि गाडीचं मीटर यांचा मेळ घालत बसले असते. ते संध्याकाळी घरी यायचे. नलू पडल्या पडल्या विचारायची, "आज काय निघालं, दाजी?"

"एकवीस. साडूभाऊ, तुम्ही पण ऐका. पुलाच्या दोन्ही टोकांना रुपये निघतात, आणि मध्यावर पाच अन् दहा. मतलब काय? मधोमध आला की माणूस घाबरतो."

"आणि तुम्ही घाबरत नाही?"

"कशाला? सगळी लाच आहे ही नदीला. अन् वर पावती पण नाही."

"मग नदीच्या खिशात हात घालता त्याला काय म्हणायचं?"

"तपासणी," ते म्हणाले. नलू एवढी हसली, की तिला खोकला आला आणि मला साडूंना पाणी आणायला पिटाळावं लागलं.

वैशाखात नलू गेली. पुढचे बारा दिवस साडूंनी काहीही मोजलं नाही. खिशातला काटा त्यांनी घरी ठेवला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. तेराव्याच्या जेवणाला वाढता वाढता ताई कुणाला तरी म्हणाली, "नली दर खेपेला पुलावरून तापीला नाणं टाकायची हो. पण तापीनं काही ऐकलं नाही." साडूंचा हात घासासकट थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घास ताटात ठेवला आणि उठले.

त्यानंतर दीड महिना ते आले नाहीत. त्यांच्या वागण्याबद्दल मी आजवर ताईकडे पुष्कळ तक्रारी केल्या आहेत. या वेळी तीच माझ्याकडे आली. "यंत्र माळ्यावर टाकलं. जेवत नाहीत धड. वजनकाट्यावर उभे राहतात अन् आकडा न बघता उतरतात. तुम्ही बोला त्यांच्याशी." माणूस एवढा बिघडला आहे म्हटल्यावर मी जाणारच होतो. पण त्याआधी, आषाढातल्या एका दुपारी, तेच आले. हातात लोणच्याची मोठी काचेची बरणी होती आणि ती पुड्यांनी भरलेली होती. ती माझ्या टेबलावर, पुस्तकं बाजूला सारून, त्यांनी ठेवली.

"साडूभाऊ, यातली तुमची कोणती?"

"माझी कोणती म्हणजे?"

"नलूनं टाकलेली. मी उचलली ना खालून." ते बसले नाहीत. "मला माहीत आहे, असं काही नसतं. नदी काय ऐकणार? बिलकुल नाही. पण समजा, असलं. थोडंसं असलं. तिनं जिवासाठी एका पारड्यात टाकलं आणि मी ते खालून काढून घेतलं. जन्मभर लोकांना पकडलं, साडूभाऊ, आणि घरच्याच माणसाचा काटा मारला मी."

हा माणूस खरंच तसं मानत होता. मी घाईघाईने म्हटलं, की आमची नाणी पलीकडच्या अंगाला, खोल पाण्यात पडली. तिथे तुमचं यंत्र गेलंच नसेल.

"कोणत्या खिडकीतून?"

"डाव्या."

"जाताना डावीकडे पाणी नाही. खडी आहे." ते आता बसले. "किती दुकानदारांचं ऐकलंय मी. खोटं बोलण्याआधी माणूस हाताला काम देतो. कुणी पोतं सरळ करतं, कुणी पंखा लावतं. तुम्ही चष्मा पुसलात."

मग मला खरं सांगावं लागलं. ते मी सांगणार नव्हतो, कारण ते नलूचं आणि माझं होतं. पुलावर आलो की ती ड्रायव्हरला गाडी हळू करायला सांगायची, काच खाली घ्यायला लावायची आणि दहाचं नाणं माझ्या तळहातावर ठेवायची. पहिल्या खेपेला मी विचारलं होतं, काय मागतेस. ती म्हणाली, "मागत नाही हो काही. आणि पाण्यात नको, त्या खडीवर टाका. दाजी उन्हात झाडू मारत फिरतात बिचारे. बादशहा तर सापडत नाही. निदान काहीतरी वाजू दे."

साडूंनी खिशातून वही काढली आणि मार्चपासून पानं उलटू लागले. एका पानावर बोट थांबलं. "बुधवार. तिसरा खांब, कोरडी खडी, दहाचं." पुढचं पान. "बुधवार. तिसरा खांब, दहाचं." असे सात बुधवार निघाले. चौथ्या बुधवारी त्यांनी कडेला बारीक अक्षरात शेरा मारला होता: टाकणाऱ्याला अजिबात नेम नाही. तो शेरा त्यांनी मला दाखवला आणि वही मिटली. मग बरणी पालथी करून, चिठ्ठ्या वाचून, त्यांनी सात पुड्या वेगळ्या काढल्या आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवल्या. वजन केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीची नाणी परत करायला आम्ही पुलावर गेलो. तापी दोन्ही काठ धरून वाहत होती. साडू एकेक पुडी उघडत, चिठ्ठीवरची जागा बघत आणि त्याच खांबाशी जाऊन नाणं सोडत. मागे गाड्यांची रांग लागली. एका ट्रकवाल्याने त्यांना मोठा भक्त समजून खिडकीतून हात जोडले. साडूंनी त्याला अंगठ्याने पुढे जायला खुणावलं. मी विचारलं, "काही मागितलंत का?" म्हणाले, "मालकाचं मालकाला देताना काय मागायचं?" वही मात्र त्यांनी माझ्याकडे दिली. "तुमच्या पुस्तकांत राहू द्या. माझ्या घरी ती वाचायला नको."

ती मी वाचली. शेवटच्या खेपेला नलू मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती; पूल आला तरी तिने गाडी हळू करायला सांगितलं नाही. मीच ती थांबवायला सांगितली. उतरलो, कठड्याशी गेलो आणि खिशात हाताला लागलं ते पाचचं नाणं, वैशाखातही जिथे पाणी हलत होतं त्या धारेत टाकलं. मी काय मागितलं हे लिहायची गरज नाही. साडूंना हे मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्या धारेत त्यांचं यंत्र जात नव्हतं हे मला ठाऊक होतं. तरी त्या मंगळवारपासून शेवटच्या पानापर्यंत वही मी दोनदा, ओळीवर बोट ठेवून पाहिली. पाचचं नाणं एकही नाही. म्हणजे माझं तापीला पोचलं होतं.