बाहेरचा बाक

बाबांनी चित्रांचं दुकान काढलं ते काचेमुळं. म्हणजे काच मिळेनाशी झाल्यामुळं. कर्जत स्टेशनासमोर आमचं तसबिरी मढवून द्यायचं दुकान होतं. लढाई सुरू झाली तशी आधी काच गेली, मग मुंबईहून येणारे छापील देव गेले, आणि राहिल्या नुसत्या सागवानी चौकटी. लढाई काय, चार दिवसांत आटपेल, या भरवशावर बाबांनी त्या ढीगभर करून ठेवल्या होत्या. दुकानभर रिकाम्या चौकटी टांगलेल्या आणि त्यांच्यातून मागचा सारवलेला कूड दिसायचा. येणारा-जाणारा विचारी, "काय हो, देव कुठं गेले?" बाबा म्हणत, "लढाईवर." मला या उत्तराची लाज वाटायची. बाबांना ते फार आवडायचं, त्यामुळं रोज ऐकावं लागे.

माझी आई मी लहान असतानाच गेली. मागे बाबा रंधा मारत आणि पुढे मी गिऱ्हाईक बघे. माझं लग्नाचं वय उलटून चाललंय असं खोपोलीच्या मामीचं मत होतं आणि माझी जीभ हे त्याचं कारण, असंही होतं. दुसऱ्या मताशी मी सहमत होते.

डोंगरातल्या एका वाडीवरून एक ठाकरीण म्हातारी बाजाराच्या दिवशी मोळी विकायला यायची. मोळी खपली की आमच्या दाराबाहेरच्या बाकावर तंबाखू मळत बसायची. ती सगळ्या जगाला 'तू' म्हणे. स्टेशनमास्तरलाही. एकदा भर दुपारी बाबा जेवायला गेले होते, मी चौकटी पुसत होते, तर ही उठून आत आली, तंबाखूच्या चंचीतला चुना बोटावर घेतला आणि एका टांगलेल्या चौकटीच्या आत, थेट कुडावर, फेर धरून नाचणाऱ्या बाया काढून मोकळी झाली.

"हे काय केलंस गं?" मी ओरडले.

"रिकामं बरं नाय दिसत," ती म्हणाली आणि पुन्हा बाकावर जाऊन बसली.

पुण्याकडं जाणाऱ्या गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जतला मागून इंजिनं जोडतात. तेवढ्यात लोक चहाला उतरतात. त्या दुपारी एक सोलाटोपीवाले गृहस्थ चहा सोडून आमच्या दुकानात शिरले आणि त्या नाचणाऱ्या बाया त्यांनी पसंत केल्या. बाबा नुकतेच ढेकर देत आले होते. आनंदाच्या भरात त्यांनी चौकट खिळ्यावरून काढून गृहस्थांच्या हातात दिली. बाया भिंतीवरच राहिल्या. गृहस्थ चौकटीतून बाबांकडं बघत राहिले, बाबा चौकटीतून गृहस्थांकडं बघत राहिले, आणि गाडीची शिट्टी झाली.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. सकाळी उठून म्हणाले, "भिंत विकता येत नाही, पण गोणपाट विकता येईल." कापड तेव्हा रेशनवर होतं, गोणपाट नव्हतं. त्यांनी चौकटींवर गोणपाट ताणून बसवलं, वर शेण आणि गेरू सारवला, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी म्हातारीला गाठलं. ती दोन सुनांना घेऊन आली. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं, काडीचं टोक चावून कुंचला केला आणि कामाला बसली. सुना मात्र भिंतीला चिकटून उभ्या.

"काय गं, तुमचं काय अडलंय?" मी विचारलं.

धाकटी हळूच म्हणाली, "सासूचा धनी गेला. तिनं चौक लिवायचा नसतो."

मग मला सगळं कळलं. त्यांच्या वाडीत लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, त्याच्या मधोमध देव मांडतात, आणि तो सवाष्णींनीच लिहायचा. म्हातारी तिच्या काळात सगळ्या वाड्यांवर मिरवलेली. लग्न ठरलं की नवरीच्या आधी हिला निरोप. नवरा गेला आणि तिचा हात त्या दिवसापासून बंद. कुणाच्याही घरी लग्न असलं की ही बाहेर आंब्याखाली बसे, आणि सगळं उरकल्यावर भिंत बघून सुनांना विचारी, "ह्यो घोडा हाय का बोकड?"

बाबांना असल्या गोष्टीत तोंड घालायची हौस. म्हणाले, "मग दुसरा घरोबा कर की. तुमच्यात चालतो."

"चितर काडायसाटी दादला करू?" म्हातारी म्हणाली. "त्याला भाकऱ्या घालण्यातच दीस जाईल. चितर कवा काडू?"

मग ती सुनांकडं वळली आणि तिनं निकाल दिला. "हितं लगीन हाय? देव मांडलाय? नाय ना? मंग ह्यो चौक नाय. मधली देवाची जागा मी मोकळी सोडते. बसा खाली." सुना बसल्या. म्हातारीनं काडी माझ्यावर रोखली. "आन तू गं. हितं लगीन काडू नको. ज्या दिशी ह्या दुकानात हळदकुकू आलं, त्या दिशी मी भाईर. आन हितंच लगीन ठरलं तर मंग पुन्यांदा आत येनं नाय."

"नाही काढत," मी म्हणाले. माझ्या लग्नाचा कुठं पत्ता नव्हता, त्यामुळं शब्द द्यायला काहीच जड गेलं नाही.

ती चित्रं काढायची ती उपाशी माणूस जेवतो तशी. मान वर नाही, बोलणं नाही. भात सडणाऱ्या बाया, ताडावर चढलेला माणूस, कोंबडीमागं धावणारी पोरं, न ऐकणारी म्हैस. आणि मध्ये एक मोकळा चौकोन. गिऱ्हाईक हमखास विचारी, "हे मधलं राहिलं का?" बाबा प्रत्येकाला निराळं सांगत. कुणाला "ती ध्यानाची जागा", कुणाला "तिथं वडिलांचा फोटो चिकटवा, शोभेल." कलेवर चर्चा करायला लोकांना मागचं इंजिन लागेपर्यंतच सवड असायची, त्यामुळं बाबांची थाप पचून जाई. शिट्टी झाली की रसिक चौकट काखेत मारून पळत. एका पारशी बाईंनी गाडी सुटल्यावर खिडकीतून ओरडून विचारलं होतं, "उलटी तर नाही ना टांगली मी?"

धंदा जमतोय म्हटल्यावर बाबांनी प्रदर्शन भरवायचं ठरवलं. दुकान झाडलं, दारावर आंब्याचे डहाळे बांधले, आणि म्हातारीनं सगळ्यांसमोर बसून चित्र काढावं असं ठरलं. ती म्हणाली, "काडीन. मला काय कोन खातंय?" पण आदल्या दिवशी तिनं लुगडं धुऊन वाळत घातलं होतं, असं धाकट्या सुनेनं मला सांगितलं.

आणि नेमकी प्रदर्शनाच्याच सकाळी मामी खोपोलीहून येऊन थडकली. कल्याणला लग्नाला गेलेली पुण्याची मंडळी दुपारच्या गाडीनं परत चालली होती. मुलगा नोकरीला, घर चांगलं. गाडी थांबते तेवढ्यात उतरून मुलगी बघतील. "तेवढ्या वेळात तुझी जीभ उघडी पडायची नाही," मामी म्हणाली. तिच्या हातात साखरेचा डबा होता. रेशनची साखर, कैक महिने चहा गुळाचा पिऊन साठवलेली. पसंती झालीच तर लगेच साखरपुडा, असा तिचा बेत. मला त्या डब्यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

गाडी आली. मुलगा, त्याचे काका, काकू आणि मुलाची आई असे चौघे उतरले. आई विधवा, पांढऱ्या लुगड्यातली, अंगानं किरकोळ. त्या आत आल्या आणि माझ्याकडं न बघता सरळ म्हातारीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ही बाई काय करतेय?" त्यांनी गोणपाटावर बोट ठेवलं.

"भात सडती."

"मग मुसळ कुठाय?"

"काडीन ना. धीर हाय का नाय तुला?"

मामीनं कपाळाला हात लावला. पण मुलाच्या आई चक्क खाली बसल्या आणि मुसळाची वाट बघू लागल्या. इकडं काकू मला स्वयंपाकाचं विचारत होत्या, काका दारातून इंजिन बघत होते. मुलानं मात्र विचारलं, "तुम्हांला यातलं कुठलं आवडतं?"

"म्हैस," मी म्हणाले. "ती कुणाचं ऐकत नाही."

तो हसला. मोठ्यानं, दात दिसतील असा. मला तो आवडला. सरळ सांगते, तेवढ्यानंच आवडला.

शिट्टी झाली. काका पळाले, अर्ध्या वाटेवरून परत आले, "वहिनी, गाडी!" म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "मुसळ होऊ द्या." मुसळ झालं, तोवर गाडी पळसदरीच्या वाटेला लागली होती.

पुढची गाडी संध्याकाळची. काका घाम पुसत बसले. मामीला मात्र यात देवाचा हात दिसला. "योग आहे हो योग!" म्हणत तिनं बाबांच्या रंध्याच्या टेबलावर तबक मांडलं. हळदकुंकू, सुपारी आणि साखरेचा डबा.

म्हातारीनं तबकाकडं पाहिलं. काडी खाली ठेवली, पिठाचे हात पदराला पुसले आणि बाहेर जाऊन बाकाच्या एका टोकाला बसली. चित्र अर्धंच होतं. आणि त्याच वेळी मुलाच्या आईही उठल्या, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि बाहेर जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. त्यांना कुणी जा म्हणालं नव्हतं. कुणी थांबा म्हणालं नाही. आत काकू हातातल्या पिशवीतून कल्याणच्या आहेराची साडी काढत होत्या, मामी डब्याचं झाकण उघडत होती, आणि दारातून मला दोन पाठी दिसत होत्या.

माझं डोकं फिरलं.

"साखरपुडा इथं होणार नाही," मी म्हणाले.

मामीनं माझा दंड असा धरला की चार दिवस वळ राहिला. काकू म्हणाल्या, "मुलीची नापसंती दिसते." मुलाचा चेहरा पडला. तो पडलेला बघून मला अगदी बरं वाटलं.

"मुलगा पसंत आहे," मी म्हणाले. "जागा पसंत नाही. मी शब्द दिलाय."

"कुणाला?" बाबा.

"तिला."

"त्या मोळीवालीला?" काकूंचा आवाज वर चढला. "मोळीवालीला विचारून लग्नं ठरवतात तुमच्यात?"

बाबा टेबलाशी उभे होते. त्यांनी तबक उचललं आणि परत ठेवलं. घरी जावं तर घर ओढ्यापलीकडं, आणि काका दुसरी गाडी चुकवायला तयार नव्हते.

तेवढ्यात बाकावरून, मागं न वळता, म्हातारी बोलली. "भाईर करा की. रस्त्याला कुठं भिताड हाय? तुमी समदी भाईर या, मी आत जाते. माजं पीठ सुकतंय."

काका पहिले उठले. "चला, बाहेर तर बाहेर," म्हणत त्यांनी स्वतः पाट उचलला. मग तबक बाहेर आलं, डबा आला, मामी पुटपुटत आली. टांगेवाले गोळा झाले, चहावाला आला, प्रदर्शनाला आलेले लोकही चित्रं सोडून आमच्याभोवती उभे राहिले. म्हातारी सगळ्यांच्या उलट दिशेनं दुकानात शिरली.

मंडळी अशी बाहेर आल्यावर मुलाच्या आई पुन्हा उठल्या. सवयच ती. पण जाणार कुठं? पुढं रस्ता होता आणि रस्त्यात टांग्याचं घोडं.

"तू कुटं चाल्लीस गं?" म्हातारीनं दारातून डोकं बाहेर काढून विचारलं. "तू तर भाईरच व्हतीस ना?"

त्या थबकल्या. घोड्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. "खरंच की," त्या म्हणाल्या, "आता आणखी बाहेर कुठं जाऊ?" आणि परत बाकावर बसल्या. काकूंनी तोंड उघडलं होतं, पण काका म्हणाले, "बसू दे गं, गाडी येईल." गाडीला अजून पुष्कळ वेळ होता.

ओटी भरून झाली आणि मामीनं डबा माझ्या हातात दिला. मी पहिली साखर सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. त्यांनी मूठ मिटली आणि किती तरी वेळ ती साखर खाल्लीच नाही. मी पदरानं डोळे टिपायला तोंड फिरवलं आणि मामीला वाटलं, मुलगी लाजली. त्या दिवसापासून ती माझ्यावर खूश.

संध्याकाळी चित्र पूर्ण झालं. कडेनं आम्ही सगळे, तबक, टांगा, घोडं. आणि मधला चौकोन, जो तिनं आजवर कधी भरला नव्हता, त्यात एक बाक आणि बाकावर दोन बाया. बाबा हळहळले, "मधली जागा भरलीस? आता लोकांनी फोटो कुठं चिकटवायचे?" पण ते चित्र दुकानात राहिलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "देणंघेणं काही नको. हे द्या." संध्याकाळच्या गाडीत त्या ते मांडीवर घेऊन बसल्या. काकूंना त्यामुळं खिडकी मिळाली नाही.

लढाई संपली, काच आली, देव परत आले. बाबांनी एक भिंत मात्र म्हातारीसाठी ठेवली आणि तिचे हात चालत होते तोवर ती भिंत चालली. त्या दुकानात लग्नाचं बोलणं कुणी काढलं की बाबा त्याला आधी रस्त्यावर नेत.

चित्र सासूबाईंच्या खोलीत होतं, बिनकाचेचं. काच लावू द्यायला त्या तयार नव्हत्या. त्यांच्यामागं ते माझ्याकडं आलं. माझ्या लेकीच्या लग्नात मी ते मांडवात, बरोबर मधोमध, टांगलं. काकू तोवर पुष्कळ थकल्या होत्या, पण नजर शाबूत होती. त्यांनी मला जवळ बोलावून खालच्या आवाजात सांगितलं, "अगं, विधवेच्या खोलीतलं चित्र, विधवेनंच काढलेलं. मांडवात असं बरं नाही हो."

मी म्हटलं, "काकू, चालत नसेल तर बाहेर बाक ठेवलाय."