टेबल पुसायला नकाशा

आज दुपारपासून जिवाला चैन नाही, म्हणून तुम्हालाच विचारते.

पेन्शनच्या कामाने यांच्या जुन्या ऑफिसात गेले होते. हे हयात असताना तिथे इमारतींचे नकाशे काढायचे, शाईने, खळ लावलेल्या कापडावर. सफाईवाल्या शोभाताई मऊ पांढऱ्या फडक्याने टेबल पुसत होत्या. फडक्यावर एका जुन्या शाळेचा व्हरांडा पुसट दिसत होता.

"हे कुठलं?"

"कपाटातले जुने नकाशे होते जी. गरम पाण्यात टाकले का खळ निघते, मलमल होते. काहून, कामाचे होते का?"

उरलेले सोमवारी भंगारात जाणार आहेत. मी मागितले, तर साहेब म्हणाले, "सरकारी आहेत, देता येत नाहीत."

शोभाताईंवर रागावता येईना. बिघडलेल्या नकाशांचं कापड असंच धुऊन यांनी आमच्या लेकीला झबली शिवून घेतली होती. चांगला नकाशा मात्र ते पाण्याच्या पेल्याजवळही ठेवत नसत.

सोमवारी भंगारवाल्याच्या आधी मी तिथे जाऊन बसणार आहे. पण नुसतं बसून काय होणार? अर्ज कोणाकडे द्यायचा, कोणी सांगाल का?