रोवणीची कविता

कविता कशी वाचायची हे माझ्या मैत्रिणीला मीच शिकवलं. गोंदियातल्या एकाच कॉलेजात आम्ही दोघी. मी मराठी शिकवते, ती कॉमर्स. तिचं बालपण शहरात, बाजारातल्या घरात गेलेलं. "यार, कविता आवडते, पण का आवडते ते सांगता येत नाही," ती म्हणायची. मग डबा खाता खाता मी सुरू व्हायचे. आधी अर्थ विचारू नकोस. ओळी कुठे तुटतात ते बघ. डोळ्यांपुढे काय उभं राहतं ते बघ. मग मोठ्याने म्हण आणि कानाला काय लागतं ते सांग.

उदाहरणाला मी माझीच एक कविता घेतली, तोवर कुणालाही न ऐकवलेली. कामठ्याजवळच्या आमच्या बांधीत, बांध घातलेल्या शेतात, आई धानाची रोपं रोवते, त्यावरची. रोवणारी बाई वाकून मागे मागे सरत जाते, म्हणून 'आई मागे सरते, हिरवं तिच्याकडे चालत येतं.' तिच्या पाठीमागचा मोकळा चिखल कमी होत जातो, तशा ओळीही आखूड होत जातात. 'प' आणि 'च' मुद्दाम जागोजागी घातलेत, चिखलातून पाय उपसल्याचा आवाज यावा म्हणून. ती डबा बाजूला सारून ऐकत राहिली. इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं नव्हतं. मी हुरळून गेले, दुसरं काय!

कॉलेजच्या महिला मेळाव्यात कवितावाचन ठरलं, तेव्हा मी आईला गावाहून मुद्दाम आणलं. ती कविता तिने पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकावी, एवढंच मनात होतं. मैत्रिणीला हे ठाऊक होतं. तिची पाळी माझ्या आधी होती.

तिने माईक धरला आणि माझीच कविता म्हणायला लागली. ओळख पुसायला थोडी फिरवाफिरव केलेली. तिच्या कवितेतली आई पुढे चालत होती आणि मागे हिरवं ठेवत होती. अगं, पुढे चालत रोवलं तर आपलाच नुकता लावलेला रोवा पायाखाली येतो! आणि पाठीमागे हिरवं वाढतच होतं, तर ओळी आखूड कशासाठी होत होत्या? पण सभागृहाला त्याचं काय? टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझं नाव पुकारलं तेव्हा मी उठलेच नाही. तीच कविता म्हटली असती तर चोर मीच ठरले असते.

शेजारी आई पदराने डोळे पुसत होती. चूक तिला जाणवली नाही की तिने सोडून दिली, कोण जाणे.

मैत्रीण खाली उतरून सरळ आमच्याकडे आली. "कशी झाली गं?" हसतच विचारलं तिने. मी तोंड उघडायच्या आत आईने तिचे दोन्ही हात धरले.

"बाई, तुनं तं माह्या जीवातलं सांगतलं. माही लेक एवढी शिकली, पन माह्यावर तिनं दोन ओळी बी नाही लिवल्या."

मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती वाकून आईच्या पाया पडली, आणि आईने तिला पोटाशी धरलं.