मलकापूरला भेटू

कागलच्या अलीकडं जतवाल्याच्या गाडीची चेन सैल पडली आणि अण्णानं रस्त्याच्या कडेलाच पाना काढला. आदल्या संध्याकाळी कोइमतूरहून निघाल्यापासून आम्ही तिघं, तीन गाड्या, एकमेकांचा दिवा नजरेआड होऊ न देता आलो होतो. ठरलंच होतं तसं. दिवेलागणीच्या आत कराडजवळ माझ्या आक्काच्या दारात पोचायचं, आणि तेही तिघांनी मिळून. एक जरी मागं राहिला तर कुणाचीच राइड पुरी धरायची नाही.

नववीतून शाळा सोडून वडूजकडचा मी कोइमतूरच्या गलाईच्या दुकानात गेलो, सोनं आटवायला. जतवालाही तसाच आलेला. अण्णा मात्र तिथलाच, शेजारच्या गॅरेजचा मिस्त्री. तमिळ बोलणाऱ्या त्या गल्लीत मला आधीपासून येत असलेला एकच शब्द होता, अण्णा. एकदा ॲसिडच्या धुरानं मी दुकानात कोसळलो, तेव्हा यानंच मला गाडीवर पुढ्यात घेऊन दवाखाना गाठला. शुद्धीवर आलो तेव्हा तो माझा हात धरून बसला होता. गाडी चालवायलाही त्यानंच शिकवलं. म्हणून एकदा त्याला माझ्या मुलखात आणायचा, हे माझ्या डोक्यात कित्येक वर्षं होतं. निघताना त्याची बायको मला धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणाली होती, "तंबी, ते स्वतःकडं बघत नाहीत. तू बघ."

आणि बेळगावपासून मी बघत होतो. त्याची मान पडत होती. दोनदा थांबून त्यानं तोंडावर पाणी मारलं होतं.

चेन ओढून झाल्यावर तो म्हणाला, "तुम्ही हळूहळू व्हा पुढं. मी पेट्रोल टाकून गाठतो. शेवटी कुठं थांबायचं?"

"मलकापूरला भेटू," मी म्हणालो.

त्यानं मोबाइल तोंडाजवळ धरून तो शब्द म्हटला, पडद्यावरच्या नकाशावर अंगठा टेकवला आणि मान हलवली. मी वाकून बघितलं नाही. कराडच्या बाजूच्या माणसाला मलकापूर एकच असतं.

पेठ नाका गेला, कासेगाव गेलं. आरशात अण्णा नव्हता.

मलकापुरात आक्का दारातच उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकल्याशिवाय ती उंबरा ओलांडू देत नाही.

"आरं, ये की आत. किती वेळ गाडीवर बसणार हायस?"

"अण्णा येऊ दे."

"आन् ह्यो तुकडा मी किती वेळ धरू?"

"आक्का, त्यो मला द्या," जतवाला म्हणाला. "पोटात नुसती आग पडलीया."

"गप रं! नजर काढायचा तुकडा हाय त्यो. खायचा न्हवं, लांब टाकायचा."

तो हसला, मीही हसलो. मग अण्णाला फोन लावला. वाजत राहिला. गाडीवर असेल. परत लावला. वाजला. तिसऱ्यांदा लावला तर फोन बंद होता.

जतवाल्याचं हसणं तिथंच थांबलं. "चार्जिंग संपलं आसंल रं," तो म्हणाला, पण माझ्याकडं बघून नाही.

हायवेला उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, एकामागं दोन जोडलेल्या, मागं दिवा नाही की लाल कापड नाही. पेंगणाऱ्या माणसाला ती ट्रॉली शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. मी किल्ली फिरवली.

"परत जायचं?" जतवाल्यानं विचारलं.

"व्हय."

आम्ही कोल्हापूरच्या दिशेनं उलटे निघालो. माझी नजर दुभाजकापलीकडं. समोरून येणारं प्रत्येक हेल्मेट मी अण्णाच्या डोक्यावर बसवून बघत होतो आणि एकही बसत नव्हतं. कासेगावच्या पुढं पलीकडं गर्दी दिसली. ट्रॉली तिरकी, रस्त्यावर ऊस पसरलेला, आणि उसाखालून बाहेर आलेलं मोटारसायकलीचं चाक.

गाडी कशी लावली, दुभाजक कसा ओलांडला, आठवत नाही. माणसं बाजूला सारून मी खाली वाकलो आणि आधी नंबरप्लेट बघितली. एमएच दहा. सांगलीची गाडी. माझ्या तोंडातून "बरं झालं" निघून गेलं. शेजारीच ज्याची गाडी होती तो माणूस बसला होता, कोपर सोललेलं, कुणीतरी दिलेलं पाणी पीत. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी त्याच्या गाडीवरचा ऊस बाजूला करू लागलो, आणि तेव्हाच खिशातला फोन वाजला. अनोळखी नंबर.

"तंबी," अण्णा तमिळमध्ये म्हणाला, "मी पोचलो. फोन संपला, हा चहावाल्याचा. तुझ्या बहिणीचं घर इथं कुणालाच माहीत नाही."

मी गर्दीतून बाजूला आलो. मग विचारलं, "अण्णा, समोर काय दिसतंय?"

"डोंगर. झाडी. बोर्डावर रत्नागिरी लिहिलंय."

मी ते मोठ्यानं म्हटलं तसा जतवाल्यानं कपाळावर हात मारला. "आयला, त्यो शाहूवाडीच्या मलकापुरात गेला की रं! कागलवरनं त्येच जवळ!"

"तिथंच थांबा," मी अण्णाला सांगितलं.

"थांबू कसा? दिवे लागायच्या आत यायचंय ना? रस्ता सांग."

तेवढ्यात फोनवर दुसराच आवाज आला, चहावाल्याचा. "आवं, तुमचा माणूस उभ्या उभ्या पेंगतोय. लावून देऊ का न्हाई?"

"नका लावून देऊ, पाया पडतो. आमी येतो. तवर गप्पांत ठेवा."

"गप्पांत कसा ठेवू? त्यास्नी मराठी येत न्हाई, मला त्येंची भाषा येत न्हाई."

"मग नुसता चहा पाजा!"

फोन ठेवला. जतवाल्यानं सूर्याकडं बघितलं. "दिवेलागण गेली आता आपली."

"जाऊ दे."

"जाऊ दे तर जाऊ दे," तो म्हणाला आणि माझ्याआधी त्यानं गाडी सुरू केली.

पेठ नाक्यावरून शिराळा, तिथून कोकरूड. रस्ता वळणांचा, ऊन समोरून डोळ्यांत. मधेच वाटायचं, अण्णा ऐकणारा माणूस नाही. निघाला असेल. मग एकेका वळणावर मला तीच ट्रॉली दिसायची.

चहाच्या गाड्याशेजारी त्याची गाडी उभी दिसली तेव्हा मी पहिल्यांदा वेग कमी केला. अण्णा बाकावर बसल्या बसल्या झोपला होता, हेल्मेट मांडीवर. चहावाला समोर पहारा दिल्यासारखा उभा.

"ही घ्या." त्यानं खिशातून किल्ली काढली. "दोनदा निघाले हुते. मग मी काढूनच घेतली."

मी त्या माणसाचे हात धरले. त्यानं तिघांना चहा दिला.

अण्णाला आम्ही बराच वेळ उठवलं नाही. उठला तेव्हा माझ्याकडं बघून त्यानं पहिलं हे विचारलं, "तुमच्याकडं मलकापुरं आहेत तरी किती?"

परत येताना त्याला मधे घेतलं. आक्काच्या गल्लीत कधीचे दिवे लागले होते. तिन्ही गाड्यांची पुढची चाकं आम्ही एका रेषेत आणून दारात उभी केली. ती राइड धरायची की नाही, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आक्का बाहेर आली. दुपारचा तो तुकडा वाळून कडक झाला होता, तरी तिनं तोच ठेवला होता. "पयला पाव्हणा," म्हणत तिनं तो अण्णाच्या डोक्यावरून, खांद्यांवरून फिरवला आणि टाकायला हात मागं नेला. अण्णाला वाटलं, ती देतेय. त्यानं वाकून दोन्ही हातांनी तो तिच्या हातातून घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

"आगं बया!" आक्का ओरडली.

"नजर खाल्ली रं गड्या त्यानं!" जतवाला म्हणाला आणि तिथंच खाली बसला, हसून हसून.

अण्णा आमच्याकडं बघत कुडूम कुडूम चावत होता. त्यानं मला विचारलं, "काय झालं? मीठ कमी आहे, एवढंच."

"काही नाही," मी म्हणालो. "तुम्ही खा."

आक्का दुसरा तुकडा आणायला आत पळाली. ती येईपर्यंत आम्ही तिघं उंबऱ्याबाहेरच उभे राहिलो.