मेश्राम बाईंची भट्टी

मेश्राम बाई वर्गात आल्या की खडूच्या आधी पर्समधून कोळसा काढायच्या. बांबूचा, बोटाएवढा. टेबलावर आपटून म्हणायच्या, "ऐका. शेगडीतला कोळसा असा वाजते का?" आमच्या कुरखेड्याच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या भट्टीत हवा बंद करून बांबू भाजत. त्या कोळशात सोडियम भरून बॅटरी चालवायची, हा त्यांचा नाद. सोडियम मिठात आहे, बांबू आमच्या दारात.

"मोबाइलच्या बॅटरीतलं ग्राफाइट म्हंजे इस्त्रीच्या लुगड्यायची चळत," त्या सांगायच्या. "लिथियम घड्यायच्या मधात जाऊन बसते. सोडियम तिथी टिकत नाई. आपला कोळसा म्हंजे धुन्याचं बोचकं. सोडियम थोडं चिंधीले चिकटते, थोडं घडीत शिरते, थोडं पोकळीत जमा होते."

मग संस्थाचालकांना पाहुण्यांसाठी एसीची खोली हवी झाली, आणि नजर पडली ती भट्टीच्याच खोलीवर. माझं डोकं फिरलं. तोवर मी कॉलेज संपवून चळवळीची पत्रकं लिहायला लागलो होतो. 'भट्टी वाचवा'चा छापील गठ्ठा मी बाईंसमोर टाकला. त्यांनी वाचलं, चष्मा काढला.

"सोडियम जाडं, म्हणून ग्राफाइटात मावत नाही. हे तू लिवलं?"

"हो बाई."

"पोटॅशियम त्याच्याहून जाडं. ते मावते. काऊन?"

बाईंनी पेन माझ्यापुढे सरकवला.

"खोड."

"बाई, संचालकांना पोटॅशियम माहीत तरी आहे का?"

"मले हाय ना."

भट्टीचा निकाल लावायला संस्थेने सभा बोलावली. त्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघं एकेका पत्रकातली ती ओळ पेनने खोडत बसलो. चळवळीत इतकं निर्बुद्ध काम मी कधी केलं नव्हतं.

सभेत अध्यक्षांनी नेमकी खोडलेली ओळच वाचली. "मग बाई, सोडियम साठतं तरी कसं?"

"कुठी किती साठते, यावर शास्त्रज्ञ अजून भांडून राह्यले. मलेबी पुरतं माहीत नाई."

"तुम्हालाच माहीत नाही, तर भट्टी हवी कशाला?"

"माहीत असतं तर कायले मांगतली असती?"

सगळे हसले आणि भट्टी भंगारात गेली. मी बाईंवर अजून चिडून आहे. एक थाप खपली असती. तेव्हापासून पत्रकात थाप मारताना माझा हात अडतो, हे त्यांनी केलेलं माझं कायमचं नुकसान.

त्याच उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. निरोप समारंभ त्याच खोलीत, एसी लावून. शाल पांघरून झाल्यावर अध्यक्ष दिलदारपणे म्हणाले, "बाई, संस्थेकडून काही हवं असेल तर संकोच करू नका."

बाईंनी शालीची घडी घातली.

"भंगारवाल्याचा पत्ता द्या."