आत्याची ड्रायव्हिंग टेस्ट

आत्या काल पहाटे झोपेतच गेली. तिच्या खुर्चीची बॅटरी फुल चार्ज होती.

म्हणजे काल कुठेतरी जायचा बेत नक्की ठरलेला होता.

इंदूरच्या राजेंद्र नगरात राहणारी आमची आत्या. तिने आयुष्यात सायकलसुद्धा चालवली नव्हती. गुडघ्यांनी जवाब दिला आणि सत्तराव्या वर्षी बॅटरीवर चालणारी व्हीलचेअर घरी आली.

पहिल्याच आठवड्यात तिने अपघात केला.

भाजीच्या ठेल्यापाशी थांबली, पॉवर चालूच ठेवली आणि पिशवी मांडीवर घेतली. पिशवीचा बंद जॉयस्टिकमध्ये अडकला. खुर्ची थेट टोमॅटोंत!

तिच्या मुलाने, मंदारने, चार्जर कपाटात ठेवला. "आई, बस हो गया. यापुढे फक्त कंपाउंडच्या आत."

आत्या दोन दिवस त्या कपाटासमोर बसूनच जेवली.

तिसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाली, "भाची आहेस ना माझी? मग टेस्ट घे. एकटी जाऊन पोहे खाऊन येते. पास झाले तर चार्जर माझा."

मंदारने अट घातली. मी वीस पावलं मागे चालायचं. मी हात लावला की आत्या फेल.

ती निघाली. बेल्ट लावलेला, पदर मांडीखाली खोचलेला, स्पीड एकवर. गल्लीच्या तोंडाशी थांबली, दोन्हीकडे बघितलं, हँडलच्या छोट्या आरशात मागेही बघितलं. दोन स्कूटर जाऊ दिल्या.

मी निवांत झाले.

पोह्याच्या दुकानाला छोटा रॅम्प आहे. वरून एक जण प्लेट घेऊन उतरत होता, म्हणून ती मध्येच थांबली. जॉयस्टिक सोडली की खुर्चीचा ब्रेक आपोआप लागतो.

पण इंदुरात कुणी थांबलेलं दिसलं की मदत झालीच पाहिजे.

एक धिप्पाड दादा, इंदुरी भाषेत भिया, मागून आले. "माताजी, फँस गई क्या?"

आत्या काही बोलायच्या आत त्यांनी ढकलून बघितलं. खुर्ची हलेना. मग खाली वाकले. "अरे, लॉक लगा है!"

आणि मागचा लाल खटका पायाने दाबला.

त्या खटक्याने मोटर सुटते. मोटर सुटली की ब्रेकही सुटतो.

खुर्ची मागे घसरली ती भियांच्या पोटावर. त्यांच्यामागे रस्ता, रस्त्यावर येणारी बस.

"माताजी, छूट रही है!"

"छोड़ना मत, भिया! पेट लगा के खड़े रहो!"

मी धावले. हात पुढे केला. आत्याने आरशात पाहिलं.

"तू मागे हो! टेस्ट चालू आहे माझी."

मी मागे झाले. आजही कळत नाही, कशी झाले.

"हां भिया, जो दबाया था, उसको अब पैर से ऊपर करो. धीरे. शाबास."

खट्.

ब्रेक लागला. तिने पॉवर बंद केली, पुन्हा चालू केली आणि नाकासमोर सरळ रॅम्प चढली. वर पोचल्यावर आधी पॉवर बंद, मग ऑर्डर.

"पोहे, जीरावन मसाला जास्ती. और एक प्लेट इन भिया को. मेहनत की है इन्होंने."

घरी मंदार दारातच उभा होता. मी सगळं सांगितलं.

"म्हणजे दुसऱ्याने धरलंच ना तुला?"

"ज्याने घसरवलं त्यानेच धरलं. मी फक्त सांगितलं कसं धरायचं ते."

मी तिला पास केलं. मंदार कपाट उघडायला गेला.

त्यानंतर तीन वर्षं ती रोज एकटी बाहेर पडली आणि रोज एकटी परत आली. कुणी मागून हात लावायला आलं की मान न वळवता म्हणायची, "पहले पूछो, भिया."

काल चौघांनी तुला उचललं, आत्या. कुणीच विचारलं नाही.

एवढं एकदा माफ कर.

भरल्या मनाने निरोप.